खुराड्याचं आपोआप मिटणारं दार: प्रकाश सेन्सरच्या कामाच्या नोंदी

१४ एप्रिल

आधी काम काय ते. मागीलदारी चिऱ्याचा खुराडा आहे, त्यात गावठी कोंबड्या. तिन्हीसांजेला त्या आपणहून आत जातात, पण दार लावायला माणूस लागतो. शिमग्यात सगळे पालखीला गेलो होतो, दार उघडं राहिलं आणि कांडेचोराने (उदमांजराने) दोन तलंगा (कोवळ्या कोंबड्या) नेल्या. दार संध्याकाळी आपलं आपण मिटावं आणि सकाळी उघडावं, एवढंच हवं आहे.

टायमर लावून भागलं असतं, असं भाचा म्हणतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साधारण सहाला मावळतो आणि जुलैत सव्वासातच्या आसपास. म्हणजे वर्षभर टायमर पुढेमागे करत बसायचं. शिवाय आभाळ भरलेलं असेल तर कोंबड्या लवकर चढतात, निरभ्र असेल तर उशिरा. म्हणून प्रकाश सेन्सर.

घरात पडून असलेलं सामान: आर्डुइनो नॅनोचा क्लोन (प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड), एक चॅनेलचा ५ व्होल्टचा रिले (विजेने चालणारा स्विच), चार पिनांचं एलडीआर मॉड्यूल (एलडीआर म्हणजे उजेड वाढला की रोध कमी होणारा सेन्सर; सोबत एलएम ३९३ चिप आणि पातळी ठरवायचा निळा प्रीसेट). मॉड्यूल मागे पुण्यात तपकीर गल्लीतून ५० रुपयांना आणलं होतं. सुट्टा एलडीआर ५ ते १० रुपयांत मिळतो.

१६ एप्रिल

मॉड्यूल टेबलावर तपासलं. ज्यांनी पहिल्यांदाच हातात घेतलंय त्यांच्यासाठी: डिजिटल पिन उजेडात ‘लो’ असते आणि अंधारात ‘हाय’. बहुतेकांना हे उलटं वाटतं. उजेड पडला की मॉड्यूलवरचा दुसरा एलईडी लागतो आणि पिनेवर शून्य व्होल्ट येतात. ॲनालॉग पिन अंधार वाढेल तशी वर चढते, कारण एलडीआर ग्राउंडच्या बाजूला आहे आणि १० किलोओहमचा रोध ५ व्होल्टच्या बाजूला. तुमच्या मॉड्यूलवर तसंच आहे का, हे मल्टिमीटरने बघून घ्या, मगच प्रोग्राम लिहा.

दुपारभर प्रीसेट फिरवत बसलो. हात धरून सावली पाडली की रिले ‘टक’ करतो, हात काढला की परत ‘टक’. काम झालं असं वाटलं.

१९ एप्रिल

काम झालेलं नाही. मॉड्यूल पडवीत ठेवलं, रिलेवर चाचणीपुरता बल्ब लावला आणि संध्याकाळची वाट बघितली. पावणेसातच्या सुमाराला रिले घरघरायला लागला. टक-टक नव्हे, अखंड घरघर, मिनिटभर तरी.

कारण दोन. पहिलं, या मॉड्यूलमधला कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी ती एलएम ३९३ चिप) अगदी काठावर तोलून ठेवलेला असतो. चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी एकच. संध्याकाळचा उजेड इतका सावकाश उतरतो की तो त्या काठावर बराच वेळ रेंगाळतो, आणि एखादं पान हललं तरी निकाल बदलतो. दुसरं, पडवीतला स्वस्त एलईडी बल्ब. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला दिसत नाही, पण कंपॅरेटरला ते पुरतं.

नुसत्या मॉड्यूलवरच भागवायचं असेल तर एलएम ३९३ च्या १ आणि ३ नंबरच्या पायांमध्ये १०० किलोओहमचा रोध सोल्डर करा. १ म्हणजे आउटपुट, ३ म्हणजे ॲनालॉग पिन जिथे जोडलेली असते तो पाय. आउटपुट बदललं की हा रोध काठ जरासा पलीकडे सरकवतो, साधारण पाव व्होल्टने, आणि घरघर थांबते. मी लावून बघितला, थांबली. अंगणातला दिवा लावायचा असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

मला मात्र दिवा लावायचा नाही. दिवा पाच मिनिटं आधी लागला तर काही बिघडत नाही. दार पाच मिनिटं आधी मिटलं तर कोंबडी बाहेर राहते.

२४ एप्रिल

प्रीसेटचा नाद सोडला. त्या निळ्या प्रीसेटचा पेच एक फेरीसुद्धा पूर्ण फिरत नाही आणि संध्याकाळचा सगळा खेळ त्यातल्या चिमटीएवढ्या भागात असतो. आज नीट बसवला आणि उद्या धक्का लागला तर परत पहिल्यापासून.

आता ॲनालॉग पिन नॅनोच्या ए-शून्यला. आकडा ० ते १०२३. बल्बच्या लुकलुकण्यावर उपाय म्हणून २० मिलिसेकंदांत बसतील तेवढी वाचनं घेऊन सरासरी काढतो (एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो). २० मिलिसेकंद म्हणजे विजेचं एक पूर्ण आवर्तन, त्यामुळे चढउतार एकमेकांत जिरतात. आकडा लगेच शांत झाला. आधी मी पन्नास मिलिसेकंदांच्या अंतराने पाच वाचनं घेत होतो, त्याने काहीच फरक पडत नव्हता.

दिवसभर आकडा विसाच्या खाली चिकटून राहतो, ऊन असो वा सावली. सूर्य मावळताना शंभरच्या घरात येतो आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत आठशेच्या वर जातो. म्हणजे १० किलोओहमच्या जोडीने हा एलडीआर नेमका संध्याकाळीच जागा होतो. दिवसाचा प्रकाश मोजायचा असेल तर १० किलोओहमच्या जागी १ किलोओहम किंवा त्याहून कमी लावावा लागेल. मला ते नको आहे.

२ मे

एलडीआरवरचा विश्वास उडाला. दुसरं मॉड्यूल मागवलं होतं, दोन्ही शेजारी ठेवली. एकाच उजेडात एक ४९० दाखवतं आणि दुसरं ६२०. बिघाड नाहीये. यावर बहुधा जीएल ५५२८ जातीचा एलडीआर असतो आणि त्याच्या डेटाशीटमध्येच लिहिलंय की १० लक्सला (लक्स म्हणजे उजेडाचं माप) रोध ८ ते २० किलोओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे माझा आकडा तुम्हाला सांगून काही उपयोग नाही, आणि उद्या माझं मॉड्यूल गेलं तर मलाही नाही.

त्यात एलडीआरला आदल्या उजेडाची आठवण राहते. दिवसभर उन्हात राहिलेला आणि रात्रभर अंधारात राहिलेला एलडीआर सारख्याच उजेडाला वेगळा आकडा देतो. सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही सांभाळायच्या असतील तर हे त्रासाचं.

बीएच १७५० हा डिजिटल प्रकाश सेन्सर मागवला. जीवाय ३०२ नावाची छोटी निळी पट्टी, १६० रुपये. हा थेट लक्समध्ये आकडा देतो.

९ मे

सेन्सर आला. बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी) सुटी येते, सोल्डर करावी लागते. नुसती भोकात अडकवून चालवायला जाऊ नका, वाचन येतं आणि जातं, आणि दोष प्रोग्राममध्ये शोधत बसता.

जोडणी: एसडीए नॅनोच्या ए-४ ला, एससीएल ए-५ ला. पट्टीवर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आहे, ५ व्होल्ट दिले तरी चालतात. ॲड्रेस पिन ग्राउंडला जोडली तर पत्ता शून्य-एक्स-२३, ३.३ व्होल्टला जोडली तर शून्य-एक्स-५सी. लोंबती ठेवू नका. एका मोजणीला साधारण १२० मिलिसेकंद लागतात आणि ५०-६० हर्ट्झचं लुकलुकणं सेन्सर स्वतःच गाळतो. माझी सरासरीची सगळी कारागिरी पुसून टाकली.

उन्हात नेला तर ५४६१२ वर अडकला. हा आकडा दिसला की समजायचं, सेन्सरची कमाल गाठली. नेहमीच्या सेटिंगमध्ये १६ बिटांचा सर्वांत मोठा आकडा ६५५३५, त्याला १.२ ने भागलं की एवढाच येतो. मोजणीचा काळ कमी केला (त्याचं रजिस्टर ६९ वरून ३१ वर आणलं) की एक लाख वीस हजार लक्सपर्यंत जातो, भर उन्हालाही पुरतं. मला संध्याकाळ हवी आहे, म्हणून हात लावला नाही.

१० मे

नॅनो घरात आणि सेन्सर खुराड्यावर, मध्ये सहा मीटर केबल, असा बेत होता. चालला नाही. कधी वाचन येतं, कधी नॅनो ठप्प. आय-टू-सी (एसडीए आणि एससीएल या दोन तारांवरचं बोलणं) ही एकाच बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलायची सोय आहे. केबल लांबली की तिची धारिता वाढते आणि सिग्नल उभा राहायच्या आत पुढचा ठोका येतो. वेग कमी करून बघितला, जाडी केबल लावून बघितली, सुधारलं पण खात्री वाटेना. शेवटी नॅनोच उचलून सेन्सरशेजारी नेला आणि घराकडून फक्त १२ व्होल्टच्या दोन तारा आणल्या. जे मला शेवटी सुचलं ते तुम्ही पहिल्यांदा करा.

१२ मे

आजची नोंद सगळ्यात उपयोगाची. सेन्सर खुराड्याच्या पत्र्याखाली बसवून, वही घेऊन जवळच चिऱ्यावर बसलो. आकाश निरभ्र.

६:४५: ३१० लक्स. पहिल्या दोघी आत.
६:५५: १७०
७:००: ११०. निम्म्याहून जास्त दांडीवर.
७:०५: ६४. कोंबडा आत.
७:१०: ३१
७:१५: १२. शेवटची काळी तलंग आत्ता चढली.
७:२०: ४
७:२५: १

घसरण किती वेगाची आहे बघा. ३१० चे १ व्हायला चाळीस मिनिटं. त्यामुळे ५ लक्सवर दार मिटवायचं की ३ वर, यावर डोकं लावण्यात अर्थ नाही, दोन्हींत दोनेक मिनिटांचाच फरक. खरा प्रश्न १२ आणि ५ च्या मधल्या जागेचा आहे: काळ्या तलंगेला वेळ मिळाला पाहिजे.

टेबलावर बसून ही पातळी ठरवता आली नसती. मी आधी अंदाजाने ५० लिहून ठेवले होते. ५० लक्सला दार मिटलं असतं तर तीन-चार जणी बाहेर राहिल्या असत्या. आणि हे आकडे माझ्या पत्र्याखालचे आहेत. उघड्यावर याच्या दुप्पट-तिप्पट येतात. तुमच्या जागेचे तुम्हीच काढा. एक संध्याकाळ जाते, त्याहून जास्त काही नाही.

१८ मे

पेटी. पारदर्शक झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला, ७० रुपये. सेन्सर झाकणाखाली. दुपारी तिरपं ऊन पडलं की पारदर्शक झाकणातून आकडा उड्या मारतो, म्हणून आतून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा चिकटवला. फ्लेक्स-बोर्डवाल्याकडे असे तुकडे फुकट मिळतात. ॲक्रिलिकने बराच उजेड खाल्ला, म्हणून वहीतले आकडे परत काढले. झाकण, सेन्सर किंवा डब्याची जागा, काहीही हलवलं तर पातळी नव्याने ठरवायची. यातून सुटका नाही.

रात्री गंमत झाली. मिट्ट अंधारात सेन्सर ३ लक्स दाखवतोय. पौर्णिमेचं चांदणंसुद्धा पाव लक्सच्या आसपास असतं, मग ३ कुठून? नॅनोचा लाल पॉवर एलईडी! त्याचा उजेड दुधी झाकणाच्या आतल्या बाजूवर आपटून परत सेन्सरवर येत होता. काळी टेप लावली, आकडा शून्य. ५ लक्सवर निर्णय घेणाऱ्या यंत्राच्या पोटात ३ लक्सचा दिवा जळत होता आणि दिवसाच्या कुठल्याही चाचणीत ते कळलं नसतं.

२६ मे

दाराची यांत्रिक बाजू थोडक्यात, कारण ती प्रत्येकाची वेगळी असते. १२ व्होल्टची गिअर मोटर (३० आरपीएम, ३५० रुपये), ती चालवणारा एल २९८ ड्रायव्हर (१५० रुपये), ॲल्युमिनियमच्या दोन पन्हळींत सरकणारी ॲक्रिलिकची फळी, नायलॉनची दोरी, वर-खाली एकेक लिमिट स्विच (दार टोकाला पोचलं की दबणारा). १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि तिचा चार्जर. पावसाळ्यात लाईट जाणार हे गृहीत धरलंय, बॅटरीवर दोन-तीन दिवस सहज निघतात. दार खाली येताना मोटरने रेटायचं नाही, दोरी सैल सोडायची आणि फळी स्वतःच्या वजनाने उतरू द्यायची. कोंबडी मध्ये आली तरी चेंगरत नाही.

२९ मे

भर दुपारी बारा वाजता दार मिटलं. आईची हाक आली, “अरे, तुझ्या यंत्राला दिवसाढवळ्या रात्र झाली.”

मोटर चालू झाली की ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तारांतून आय-टू-सीवर येतो. सकाळी दार उघडताना सेन्सर अडकला असणार. मी वापरतो ती लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार प्रोग्राम) वाचन फसलं की उणे १ किंवा उणे २ परत करते. माझ्या प्रोग्राममध्ये अट होती: आकडा ५ पेक्षा कमी असेल तर अंधार. उणे १ हा ५ पेक्षा कमीच! सकाळपासून दुपारपर्यंत मिटलं नाही ते केवळ मधूनमधून खरं वाचन येत होतं म्हणून.

दुरुस्त्या:

मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर (०.१ मायक्रोफॅराड, एक-दोन रुपये). सर्वांत मोठा फरक यानेच पडला.

नॅनोला ५ व्होल्ट आता स्वतंत्र बक कन्व्हर्टरमधून (१२ व्होल्टचे ५ करणारा). आधी ड्रायव्हरवरच्याच ५ व्होल्टवर चालवत होतो.

‘वायर’ नावाच्या, आय-टू-सी सांभाळणाऱ्या लायब्ररीतला टाइमआउट (ठरावीक वेळेनंतर वाट बघणं सोडणं) चालू केला. तो मुळात बंद असतो. तो नसेल तर सेन्सर गप्प बसला की नॅनोही त्याची वाट बघत कायमचा बसून राहतो.

उणे आकडा म्हणजे अंधार नाही, बिघाड. तसं आलं की दार आहे तिथेच ठेवायचं, सेन्सर पुन्हा सुरू करायचा आणि बझर वाजवायचा. एलडीआर वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. तार तुटली तर ॲनालॉग पिन वर चढून १०२३ दाखवते, आणि तो तुमच्या हिशेबात काळोख असतो. मिट्ट अंधारातही आकडा याच्या जवळ जातो, म्हणून दिवसाउजेडी तो टोकाला दिसला तर आधी तार बघा.

९ जून

पाऊस आला. दुपारी चारला असं काही भरून आलं की घरात दिवे लावावे लागले. सेन्सर १४ लक्सपर्यंत उतरला. दार मिटलं नाही, पण कोंबड्या झाडाखालून धावत आत गेल्या. म्हणजे त्यांचा हिशेब माझ्याशी जुळतो. पण १४ आणि ५ मध्ये फार अंतर नाही. एखाद्या दिवशी याहून काळं आभाळ आलं तर? दार मिटेल आणि उजेड परत येईपर्यंत बाहेरच्या कोंबड्या बाहेर.

नुसता प्रकाश पुरणार नाही. घड्याळ लागणार.

१५ जून

डीएस ३२३१ घड्याळाचं मॉड्यूल, १३० रुपये. पत्ता शून्य-एक्स-६८, त्यामुळे त्याच दोन तारांवर सेन्सरशी न भांडता बसतं. खोलीच्या तापमानात महिन्याला फार तर काही सेकंद चुकतं, आपल्याला तर पंधरा मिनिटं चुकलं तरी चालेल.

एक सावधगिरी. या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं. ते रिचार्ज होणाऱ्या एलआयआर २०३२ साठी आहे. आपण किराणा दुकानातला साधा सीआर २०३२ सेल घालतो, तो चार्ज करायचा नसतो, फुगतो. ५ व्होल्टवर चालवणार असाल तर सेलच्या बाजूचा छोटा डायोड किंवा त्याच्या वाटेतला २०० ओहमचा रोध काढून टाका. मी सोल्डरच्या टोकाने डायोड उडवला.

आता नियम असा: संध्याकाळी साडेपाचच्या आधी कितीही अंधार पडला तरी दार मिटवायचं नाही. त्यानंतर ५ लक्सच्या खाली सलग पाच मिनिटं राहिला तरच मिटवायचं. मध्ये एकदा जरी वर गेला तरी मोजणी पुन्हा शून्यापासून.

१७ जून

रात्री साडेनऊला दार उघडं सापडलं. मागीलदारचा बल्ब! पाहुणे हातपाय धुवायला बाहेर आले, बल्ब लागला, सेन्सरवर ८ लक्स पडले आणि दार वर. उघडण्यासाठीही मी ५ चीच पातळी ठेवली होती. म्हणजे एप्रिलमध्ये रिले घरघरला तेव्हाचाच दोष, फक्त आता अख्ख्या दारासकट.

उघडण्याची पातळी ४० लक्स केली, सलग दहा मिनिटं, आणि पहाटे पावणेसहाच्या आधी नाही. हातातली बॅटरी, मोटारसायकलचा दिवा, वीज चमकणं, सगळे या दहा मिनिटांत गळून पडतात. डबाही फिरवला. आता सेन्सर उत्तरेच्या आकाशाकडे बघतो, घराकडे पाठ. पीव्हीसी पाइपचा दोन इंची तुकडा कापून बाजूने आडोसा लावला. बल्ब लावला तर आता १ लक्स येतो.

जागा बदलली, आडोसा आला, म्हणजे परत वही आणि परत संध्याकाळ. पावसाळी हवेत शेवटची कोंबडी ९ लक्सला चढली. ५ च कायम ठेवले.

१४ जुलै

दार रोज जरा लवकर मिटतंय असं आई म्हणाली. मला पटेना, पण वहीत वेळा होत्या. महिन्याभरात दहा मिनिटं अलीकडे सरकलं होतं, आणि जूनच्या मध्यापासून आतापर्यंत सूर्यास्ताची वेळ तर जवळपास हलत नाही.

झाकणावर शेवाळाचा पातळ थर. बोटाला जेमतेम जाणवतो. संध्याकाळी पुसण्याआधी ११ लक्स, पुसल्यावर त्याच मिनिटाला १९. आतूनही दव धरलेलं होतं आणि जंपर वायरच्या पिनांवर हिरवट गंज.

डबा हवाबंद करण्याचा हट्ट सोडला. कोकणातल्या जुलैत बंद डब्यात शिरलेली दमट हवा बाहेर पडतच नाही. तळाला दोन बारीक भोकं पाडली आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवला. जंपर वायर काढून सगळं झिरो पीसीबीवर (भोकं असलेल्या साध्या बोर्डावर) सोल्डर केलं. सोल्डरच्या जागांवर रंग नसलेलं नेलपॉलिश. बीएच १७५० च्या काळ्या चिपच्या खिडकीवर मात्र नेलपॉलिशचा थेंबही जाऊ देऊ नका, आकडा कायमचा बदलेल. लायब्ररी, कपॅसिटर, घड्याळ यांच्यापेक्षा या एका पावसाने जास्त वेळ खाल्ला, दोन आठवडे यातच गेले. झाकण आता दर रविवारी पुसायचं, ते काम भाच्याकडे.

३ ऑगस्ट

काळी तलंग बाहेर राहिली. रात्री तिला पेरूच्या झाडावरून उतरवून आणलं. दार वेळेवर मिटलं होतं, ४ लक्सला, सलग पाच मिनिटांनी. यंत्राचा दोष नाही, तलंगेचाही नाही. बोका फिरत होता म्हणून ती आत यायलाच घाबरली असावी.

पातळी आणखी खाली नेऊन उपयोग नाही, ५ च्या खाली कोंबडीला फारसं दिसतच नाही. त्याऐवजी खुराड्याच्या आत १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचा वीतभर तुकडा लावला. २५ लक्सला तो लागतो आणि दार मिटल्यावर विझतो. बाहेर काळोख आणि आत उजेड दिसला की रेंगाळणाऱ्या सरळ आत येतात. पट्टीचा उजेड फटीतून सेन्सरवर पडतोय का ते आधी बघितलं: रात्री पट्टी लावून सेन्सर शून्यावर राहिला, मगच कायम केली. तो पडला असता तर पट्टीनेच सेन्सरला दिवस दाखवला असता आणि दार कधी मिटलंच नसतं.

२२ ऑगस्ट

लाईट गेली-आली, नॅनो रीसेट झाला, दार उघडं आहे की बंद हे विसरला आणि मिटलेलं दार पुन्हा मिटवायला गेला. दोरी उलटी गुंडाळली गेली. आता चालू झाल्याझाल्या आधी लिमिट स्विच वाचतो. दोन्ही स्विच मोकळे दिसले तर दार मध्येच आहे असं समजून वर नेतो. तसंच मोटर वीस सेकंदांहून जास्त चाललीच नाही पाहिजे, स्विच लागो न लागो.

सेन्सर पूर्ण मेला तर काय, हेही आजच लिहून टाकलं: वाचन सतत फसत असेल तर संध्याकाळी साडेसातला घड्याळावर मिटवायचं आणि सकाळी सातला उघडायचं. सेन्सरची तार उपटून तपासलं. बझर वाजला, साडेसातला दार मिटलं.

७ सप्टेंबर

खर्च. नॅनो आणि रिले घरातले, ते धरले नाहीत. बीएच १७५० चे १६०, घड्याळ १३०, मोटर ३५०, ड्रायव्हर १५०, डबा ७०, बक कन्व्हर्टर ८०, बॅटरी आणि चार्जर मिळून १४००, पन्हळी, फळी, स्विच, तारा मिळून ६०० च्या आसपास. एकूण तीन हजारांच्या थोडं खाली. न लागलेलं दुसरं एलडीआर मॉड्यूल आणि सहा मीटर केबल वेगळी.

सेन्सर कुठला घ्यावा हे विचारणाऱ्यांना माझं मत: नुसता दिवा लावायचा असेल तर ५० रुपयांचं मॉड्यूल आणि तो १०० किलोओहमचा रोध. उजेडाच्या आकड्यावर काही जिवंत अवलंबून असेल, किंवा वर्षभराने सेन्सर बदलावा लागला तरी वहीतले आकडे उपयोगी पडायला हवे असतील, तर बीएच १७५०. चांदण्याइतका मंद उजेड मोजणारे सेन्सरही मिळतात, या कामात त्यांचा उपयोग नाही.

राहिलेलं: हिवाळ्यात पहाटेचं धुकं आणि पावणेसहाची अट यांचं जमतं का ते बघायचं, कारण तेव्हा सूर्य सातच्या आसपास उगवतो. अट वेळेची असली तरी ४० लक्स व्हायला लागतातच, त्यामुळे अडचण येऊ नये. ॲक्रिलिकची फळी ओलाव्याने पन्हळीत घासते, तिची कड पॉलिश पेपरने घासायची आहे. आणि आई अजून रोज आठला बॅटरी घेऊन दार बघून येते, त्यामुळे मागीलदारी रात्री ८ वाजता सेन्सरला २ लक्सचं एक टोक दिसतं. वहीत ते दिसलं तर घोटाळा समजू नका.